ब्रॅकेट तुटलाय, टाका

माणसाचं वय म्हणे केसांवरून कळतं. साफ खोटं! माणसाचं वय कळतं ते त्याला 'अरे' नाहीतर 'अगं' म्हणणारे किती उरलेत, त्यावरून. ताईचे आईबाबा गेले, शाळेतल्या मैत्रिणी कुठल्या कुठे पांगल्या आणि 'अगं' म्हणणारा जगात एकच जीव उरला, तिचा धाकटा भाऊ. तो चार वर्षं तिच्याशी बोलत नव्हता.

बाकी सगळ्या दुनियेची ती 'अहो ताई'. समोरचा बेकरीवाला तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण तोही "अहो ताई, जरा भट्टीचं दार बघता का?" वेल्डिंगच्या धंद्यात बाई दिसली की लोक आधी हसतात, मग बिचकतात आणि मग एकदम आदरच द्यायला लागतात. ताईला आदर पोत्याने मिळाला होता. पण तो आदर काय चाटायचाय? आदर संध्याकाळी घरी येऊन "अगं, जेवलीस का?" असं विचारत नाही. ताई संध्याकाळी शटर ओढायची, मागच्या खोलीत जायची, एका माणसाचा भात लावायची आणि तोही उरायचा. रेडिओ लावून ठेवायची. बातम्या सांगणारा चुकला की त्याला शिव्या घालायची. तेवढंच बोलणं.

तर मंगळवारी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला.

"ताई, तुमच्या नावावर गाडी आलीय," टेम्पोवाला म्हणाला आणि मागची फळी पाडून त्याने एक मोटरसायकल खाली घेतली. रस्त्यावर चालवायची नव्हे, तर दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून उड्या मारत न्यायची. उंच, हडकुळी, चाकांना हे एवढाले दात. ताईने ती लांबूनच ओळखली. न ओळखून सांगते कुणाला! उजव्या बाजूची पायखुंटी, म्हणजे पाय ठेवून उभं राहायचा तो लोखंडी तुकडा, खाली लोंबत होती. हँडलला तारेने पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर धाकट्याच्या बारीक, तिरक्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं:

'पायखुंटीचा ब्रॅकेट तुटलाय. टाका.'

"कुणी दिली?"

"गोदामातून उचलली, ताई. मला काय माहीत? इथे सही करा."

आता इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळं रामायण या एका शब्दाचं आहे. ताईच्या घरात आई कपडे शिवायची आणि बाबा लोखंड जोडायचे. त्यामुळे घरची भाषा अशी सरमिसळ झालेली. वेल्डिंगची लांब रेघ म्हणजे 'शिवण'. आणि शिवण घालायच्या आधी दोन तुकडे जागेवर धरून ठेवायला जो ठिपक्याएवढा जोड मारतात, तो 'टाका'. बाबा प्रत्येक कामावर खडूने एकच शब्द लिहून ठेवायचे. घास. भोक. टाका. शिवण. पोरांनी शाळेतून यायचं, वाचायचं आणि कामाला लागायचं. त्या रीतीने बघितलं तर चिठ्ठीचा अर्थ सरळ होता. ब्रॅकेट तुटलाय, टाका मारायचाय.

पण टाका म्हणजे टाकून द्या, असंही होतंच की! फक्त मग लिहिणारा समोरच्याला 'तुम्ही' म्हणतोय असं होतं. ताईला तू म्हणणाऱ्याने 'टाक' लिहिलं असतं. एका कान्याचा तो काय फरक, पण ताई तो पुठ्ठा हातात धरून दारात किती वेळ उभी होती, ते बेकरीवाल्याला विचारा. त्याचे दोन ट्रे करपले तिच्याकडे बघता बघता.

धाकट्याने जन्मात ताईला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, दोन ठेवून दिल्या, मांडीवर झोपवला. 'ए ताई' म्हटल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नसे. 'तुम्ही' तो म्हणाला फक्त एकदाच, आणि ते चार वर्षांपूर्वी, हॉस्पिटलात.

त्याच्या आदल्या दिवशी डोंगरातली शर्यत होती. असल्या गाडीवर बसून जात नाहीत, उभं राहून जातात, सगळं अंग त्या दोन खुंट्यांवर. उजव्या खुंटीला गाडीशी धरून ठेवणारा ब्रॅकेट ताईने शर्यतीच्या आदल्याच दुपारी जोडून दिला होता. तिसऱ्या उतारावर, उडी घेऊन चाकं टेकताना तो तुटला. गाडी एकीकडे, धाकटा एकीकडे, आणि गुडघा दगडावर. त्याला उचलून आणलं तेव्हा गर्दीतला कुणीतरी म्हणाला, जोड कच्चा होता. ताई तिथेच होती. तिचं डोकं फिरलं. त्या एवढ्या माणसांत, भाऊ स्ट्रेचरवर कण्हत असताना, ती मोठ्याने म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं! माझा जोड तुटत नाही. चालवणाऱ्याला उभं राहता येत नाही, त्याला मी काय करू?"

म्हणाली खरी. जिभेला हाड नसतं म्हणतात, ताईच्या जिभेला तर लगामही नव्हता. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन हॉस्पिटलात गेली. धाकट्याने भिंतीकडे तोंड केलेलं होतं. ते तसंच ठेवून तो म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

त्यानंतर तो दुसऱ्या गावी गेला. हिने फोन केला नाही, त्यानेही केला नाही. दोघंही एकाच आईची, मोडतील पण वाकणार नाहीत.

तर आता ही चिठ्ठी. ताईने ती दहादा वाचली आणि तिला जे वाटलं ते सरळच सांगतो: आपल्यालाही गाडीबरोबर टाकून दिलं, असं तिला वाटलं. जो चार वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला, तो आजही तुम्हीच म्हणणार. तिने गाडी ढकलत मागे नेली, गंजक्या पत्र्यांच्या ढिगाला टेकवून ठेवली आणि दिवसभर एका गेटच्या नक्षीवर असा राग काढला, की गिऱ्हाईक घ्यायला आलं ते "नंतर येतो" म्हणून परत गेलं.

शनिवारी भंगारवाला आला. हा माणूस लोखंड बघितलं की लाळ गाळतो. गाडी बघून त्याचे डोळेच मोठे झाले.

"ही पण द्यायची, ताई?"

"चिठ्ठी वाच की. तिच्यावरच लिहिलंय."

त्याने वाचली. "टाका. म्हणजे टाकाच. यात काय, स्पष्ट आहे."

"स्पष्ट आहे ना? मग ने."

"टाकी काढून द्या पण. पेट्रोल असेल तर मी नाही हात लावत. मागे एकाच्या भुवया जळाल्या."

ताई टाकी काढायला वाकली. गाडी तिच्या बाजूने कलली आणि फाटलेला ब्रॅकेट उजेडात आला. अर्धा सांध्यातून सुटलेला, अर्धा धरून राहिलेला. सांध्यातून एक भेग फ्रेमच्या नळीवर चढली होती, बोटाच्या पेराएवढी. आणि भेगेच्या टोकाला एक भोक होतं, मुगाच्या दाण्याएवढं.

ताईचा हात थांबला.

भेग पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाशी भोक पाडतात. भेग तिथवर येते आणि अडते. हे कुणीही कारागीर करतो. पण या भोकाची धार मोठ्या ड्रिलने, हाताने फिरवून, बाहेरून मारलेली होती. बशीच्या काठासारखी, अगदी गुळगुळीत. बाबांची पद्धत. "भोक पाडून तसंच सोडू नये, त्याचे काठ नीट करावेत, नाहीतर भोकातूनच नवी भेग निघते," असं ते ओरडून ओरडून सांगायचे. असं करणारी माणसं आता जगात दोनच होती.

अरे, टाकून द्यायच्या वस्तूची कुणी एवढी मशागत करतं का? भंगारात जाणाऱ्या लोखंडाची भेग थांबवतं का कुणी? ताई मटकन खालीच बसली. पहिलं काम करून दिलंय पोराने. भोक त्याने पाडलं आणि पुढचं लिहून पाठवलं. टाका.

"काय झालं, ताई? नेऊ ना?"

"चल, हो बाहेर!"

"अहो, पण आत्ताच तर—"

"बाहेर म्हटलं ना! तो पत्रा ने, ती जाळी ने, माझं डोकं नको खाऊ."

तो गेल्यावर ताईने फडक्याने भोक पुसलं. फडक्यावर तांबूस गंज उतरला, भोकाच्या आतून निघालेला. तीस वर्षं लोखंडात काढलेल्या बाईने त्या गंजाकडे एकदा नीट बघायला हवं होतं. बघितलं नाही. ज्याला जे हवं असतं त्याला तेवढंच दिसतं, त्यात कारागीर काय आणि अडाणी काय.

मग ती कामाला लागली. टाकी उतरवली, ती बाहेर नेऊन ठेवली. बॅटरीची वायर सोडली. इंजिनावर ओली गोणपाटं टाकली. ब्रॅकेटचा उरलेला सांधा कापून तो बाकावर घेतला, भिंग लावलं आणि तुटलेली कड बघितली.

अर्धी कड राखाडी, खरबरीत. ती एका दणक्यात तुटलेली. उरलेली अर्धी काळी, सपाट. ती कधी जुळलेलीच नव्हती.

हे तिला भिंगाशिवायही माहीत होतं. चार वर्षं माहीत होतं. त्या दुपारी घाई होती, धाकटा पाठीशी उभा राहून "ए ताई, आटप ना" करत होता. तिने दोन टाके मारले आणि ते निवत असताना आवाज आला. टिक्. एवढासाच, नख तोडल्यासारखा. टाका निवताना चिरला की असा आवाज येतो. मग तो घासून काढायचा आणि नव्याने मारायचा, बाबा असते तर त्यांनी हातावर पट्टी मारली असती. पण घासायचं म्हणजे ब्रॅकेट पुन्हा सोडवायचा, पुन्हा जुळवायचा, तास गेला. ताईने त्याच्यावरून शिवण ओढली. वरून सुरेख दिसली. झाकली मूठ सव्वा लाखाची! "झालंय," ती म्हणाली, "ने."

आणि दुसऱ्या दिवशी त्या गर्दीत तिनेच सगळ्यांत मोठ्याने अंगणाला वाकडं म्हणू नका, असं सांगितलं.

ताई त्या काळ्या कडेवर बोट ठेवून बसली आणि रडली. चांगली भोकाड पसरून रडली, कारण ऐकायला कोण होतं? मग तोंड धुतलं आणि ग्राइंडर लावला.

दोन दिवस तिने दुसरं काम हातात घेतलं नाही. जुनी शिवण मुळापासून घासून काढली, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. भेग उकरून तिची खाच केली. ब्रॅकेट जागेवर धरला आणि डाव्या खुंटीपासून उजव्या खुंटीपर्यंत सरळ सळई ठेवून दोन्ही एका पातळीत आणल्या, कारण केसभर फरक पडला तर उभं राहणाऱ्याची कंबर वर्षभराने बोलते. मग टाका मारला. मशीन बंद केली, मुखवटा वर केला, कान जवळ नेला आणि ऐकलं. काही नाही. समोरच्या बाजूला दुसरा. पुन्हा कान. रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला तर ती बाहेर जाऊन त्याच्यावर खेकसून आली. असे चार टाके. मग इंच-इंच शिवण, एकदा इकडून, एकदा तिकडून, लोखंड कुठे ओढलं जाऊ नये म्हणून. भेग भरली, भोक भरलं. खालून आधाराला एक तिकोनी पट्टी दिली. सगळं झाल्यावर गरम वाळूने भरलेली पिशवी त्यावर बांधली, हळूहळू निवू दे म्हणून. दुसऱ्या दिवशी पिशवी सोडली, ती खुंटीवर चढली आणि आपल्या सगळ्या वजनानिशी पाच-सहा उड्या मारल्या. पन्नाशीची बाई मोटरसायकलवर उभी राहून उड्या मारतेय, हे बघून बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला.

मंगळवारी तिने चार वर्षांत पहिल्यांदा त्याला मेसेज लिहिला. 'झालं. घेऊन जा.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'रविवारी येतो.'

आता घ्या! 'येतो' यात 'तू' कुठे आणि 'तुम्ही' कुठे? आपल्या भाषेत माणूस स्वतःबद्दल बोलला की समोरच्याला काही म्हणजे काही कळत नाही. ताईने तेही दहादा वाचलं.

रविवारी दुपारी ती दारातच बसली होती. रस्त्याच्या टोकावरून एक माणूस येत होता, उजवा पाय काठीसारखा ताठ, दर पावलाला तो बाहेरून फिरवून पुढे टाकत. बिचारा, ताईला वाटलं. तो पार दारात येईपर्यंत तिने त्याला ओळखलं नाही.

"बरी आहेस— बऱ्या आहात ना?" धाकटा म्हणाला.

"आहे."

तो आत आला. गाडी मधोमध उभी होती, धुतलेली, ब्रॅकेटला काळा रंग दिलेला. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"हे काय?"

"काय म्हणजे? ब्रॅकेट. बघ की."

त्याला खाली बसता येईना. तो सीटला धरून वाकला आणि अंगठा सबंध शिवणीवरून फिरवला, सावकाश.

"शिवण सुरेख आलीय," तो म्हणाला. "पण मी टाका लिहिलं होतं."

"मग टाके न मारता शिवण घातली का मी?"

"टाका म्हणजे टाकून द्या, ताई. भंगारात."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "टाकून द्यायची होती, तर 'टाक' लिहायचं होतंस. मला काय स्वप्न पडलंय, तू मला अहो-जाहो करतोस म्हणून?"

धाकटा शिवणीवरून अंगठा फिरवतच राहिला.

"आणि ते भोक? भेगेच्या टोकाचं? काठ मारलेलं?"

"ते तेव्हाचं. हॉस्पिटलातून घरी आलो त्याच महिन्यात पाडलं, खुर्चीत बसून. म्हटलं, राग गेला की इकडे आणू." त्याने गुडघ्यावर थाप मारली. लाकडावर मारल्यासारखा आवाज आला, आत कसलासा पट्टा होता. "मग डॉक्टर म्हणाले, हा आता वाकायचा नाही. मग राहिली कोपऱ्यात. आता लहान जागेत जातोय, ठेवायला जागा नाही."

"मग इथे कशाला पाठवलीस? तिकडचे भंगारवाले मेले काय?"

"दुसऱ्या कुणी कापलेली बघवली नसती."

ताई बाकावर बसली. जन्मातली सगळ्यांत चांगली शिवण तिने घातली होती, आणि तिच्यावर पाय ठेवून कुणी उभं राहणार नव्हतं. तिला वाटलं, आता नाही बोलले तर हा गाडी इथेच सोडून तसाच निघून जाईल आणि परत कधीच यायचा नाही.

"टाका कच्चा होता," ती म्हणाली. "तेव्हाचा. निवताना टिक् झालं होतं. मला कळलं होतं. मी वरून शिवण घातली आणि झालंय म्हणून सांगितलं. आणि मग एवढ्या लोकांत तुलाच बोलले. तुझा गुडघा मी घालवला रे."

समोर बेकरीत कुणीतरी ट्रे आपटत होतं.

"मी पण ऐकलं होतं," धाकटा म्हणाला.

"काय?"

"टिक्. तुझ्या पाठीशीच उभा होतो की मी."

"ऐकलं होतंस? मग मेल्या, चढलास कशाला तिच्यावर?"

"तू म्हणालीस ना, झालंय म्हणून."

चार वर्षं जे 'तू' ऐकायला तिचे कान आसुसले होते ते आलं, आणि ताईला ते ऐकूसुद्धा आलं नाही. तिला फक्त पुढचं ऐकू आलं. ती तोंडाला पदर लावून बसली. धाकटा गाडीला धरून उभा राहिला. "रडू नकोस" असं काही तो म्हणाला नाही, आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चहा टाक ना, ताई. दोन बस बदलून आलोय."

ती उठली. मागच्या खोलीला तीन पायऱ्या होत्या. ती चढून दारात गेली आणि वळली. त्याने भिंतीला हात लावला, डावा पाय वर ठेवला आणि उजवा सरळचा सरळ ओढून घेतला. थांबला. दम घेतला. मग दुसरी पायरी. ताईला वाटलं, आत जावं, भांडं घ्यावं, पाणी ठेवावं, म्हणजे पाठ तरी फिरेल. ती गेली नाही. तो तिसरी पायरी चढून वर येईपर्यंत ती दारात उभी राहून बघत होती.